स्वादुपिंडाचा एमआरआय: बाकी सगळं घ्या, स्पेक्ट्रोस्कोपीची ओळ खोडा

बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका खासगी केंद्राचं ‘पॅनक्रियाज पॅकेज’ सध्या दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग भागातल्या मराठी घरांतून बरंच विचारलं जातंय. पॅकेजमध्ये ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रावर पोटाचा एमआरआय, एमआरसीपी म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचं एमआर चित्र, गाठ उठून दिसावी म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन आणि वर ‘एमआर स्पेक्ट्रोस्कोपी’ असं सगळं येतं. स्पेक्ट्रोस्कोपीपुढे पत्रकात लिहिलंय की गाठ दिसण्याआधीच तिची रासायनिक खूण सापडते. केंद्राचं नाव देत नाही, कारण इथलं बरंवाईट थोड्याफार फरकाने असं पॅकेज विकणाऱ्या कुठल्याही केंद्राला लागू पडेल. लिहिणारे आम्ही दोघे: एक यंत्रावर बसणारा, दुसरी अहवाल लिहिणारी.

गुण आधीच देऊन टाकतो. एमआरआय पाचपैकी साडेचार, एमआरसीपी चार, स्वागतकक्ष आणि तयारीची चिठ्ठी अडीच, स्पेक्ट्रोस्कोपी एक. तिथले चार गुण केंद्राच्या आळसापेक्षा शरीररचनेमुळे आणि भौतिकशास्त्रामुळे गेलेत, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहावं लागेल.

तयारीच्या चिठ्ठीत गुजरातीत एवढंच आहे: ‘४ कलाक भूख्या पेटे आववुं’. चार तास कमी पडतात, सहा धरा. आपल्या घरांत ‘उपाशी’ आणि ‘उपवास’ यांची गल्लत होते आणि एकादशीची तारीख मिळाली की आजी साबुदाण्याची खिचडी खाऊन हजर होतात. यंत्राला ती खिचडी भरलेल्या जठरासारखीच दिसते. आदल्या रात्री शेव-उसळही नको. स्वादुपिंड जठराच्या मागे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या कवेत आणि मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाला लागून असतं. आतड्यात वायू साठला की हवा आणि ऊतक यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं आणि नेमका स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग पुसला जातो. डिफ्यूजनच्या, म्हणजे ऊतकातल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या, प्रतिमा याने सर्वांत आधी बिघडतात, स्पेक्ट्रोस्कोपीचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, तर पार कोलमडतो. सकाळची रक्तदाबाची गोळी दोन घोट पाण्याबरोबर चालते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचं काय करायचं ते ज्यांनी लिहून दिलंय त्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा, स्वागतकक्षाला नको.

एमआरसीपीच्या आधी हे केंद्र अननसाचा रस देतं, हे चांगलं. रसात मँगनीज असतं, त्याने जठरातल्या आणि आतड्यातल्या पाण्याचा उजळ संकेत विझतो आणि मागच्या नलिका मोकळ्या दिसतात. दोनशे ते तीनशे मिलिलिटर रस, टेबलावर जाण्याआधी साधारण पंधरा मिनिटं, एवढं पुरतं. गोम इतकीच की डबाबंद रसात मँगनीज किती हे कंपनीगणिक बदलतं. पातळ, साखर घातलेला रस निघाला की जठर आधीपेक्षा जास्त चमकतं. एमआरसीपीचा अर्धा गुण इथे कापलाय. मधुमेह असेल तर रस देणाऱ्याला आधी सांगा. तिथे आपणहून कोणी विचारत नाही.

धातूची चौकशी मात्र चोख आहे. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर यंत्र यांची यादी दोनदा वाचून घेतात. मंगळसूत्र, बांगड्या, केसातले काटे, सेफ्टी पिना सगळं बाहेर. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी साबण-पाण्याने किंवा तेल लावून घरीच काढून या, तिथे वीस मिनिटं जातात आणि मागचा रुग्ण खोळंबतो. जरीचं काहीही नको, तसंही गाऊन देतात.

फॉर्मवर नसलेला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे स्टेंटचा. कावीळ झाली म्हणून आधी ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेली प्रक्रिया) करून पित्तनलिकेत स्टेंट बसवला असेल तर तो प्लॅस्टिकचा की धातूचा, हे कागदावर घेऊन या. धातूची जाळी असेल तर तिच्याभोवतीचा भाग काळा पडतो आणि गाठ बहुधा नेमकी तिथेच असते. स्टेंट टाकल्यावर सूज येते, हवाही शिरते, मग गाठीची कड ओळखणं अवघड होतं. म्हणून स्कॅन स्टेंटच्या आधी व्हायला हवा. ताप आणि थंडी वाजून येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पित्त आधी मोकळं करावंच लागतं.

टेबलावरचं काम उत्तम. पोटावर बसणारी कॉइल नीट मधोमध लावतात, श्वासाचा पट्टा बरगड्यांच्या खालच्या कडेवर बांधतात आणि आत जाण्याआधी श्वास रोखण्याची तालीम दोनदा घेतात. रेकॉर्ड केलेली सूचना इंग्रजीत आहे, पण टेक्निशियन ती बंद करून माइकवर ‘श्वास लो, छोडो, रोको’ म्हणतात. बडोद्यातल्या मराठी काकूंना त्यात काही अडत नाही. श्वास सोडून रोखायला सांगतात, हे बरोबर आहे. भरून रोखला की दर वेळी छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वेगळ्या उंचीवर थांबतो आणि एका प्रतिमेतलं स्वादुपिंड दुसरीशी जुळत नाही. एकेक रोखणं १५ ते १८ सेकंदांचं. ज्यांना दम लागतो त्यांनी आधीच सांगावं, म्हणजे तुकडे करून घेता येतं.

प्रतिमांचा क्रम शहाणपणाने लावलाय. मेदाचा संकेत दाबलेली टी१ प्रकारची प्रतिमा आधी घेतात आणि इंजेक्शनशिवायची हीच प्रतिमा सर्वांत जास्त बोलते. निरोगी स्वादुपिंड पाचकरसाच्या प्रथिनांमुळे पोटाच्या वरच्या भागात सर्वांत उजळ दिसतं आणि कर्करोगाची गाठ त्यात करड्या डागासारखी उठून येते. नलिका तुंबून मागचा भाग सुकला असेल तर तोही मंदावतो आणि गाठ आजूबाजूत मिसळून जाते. हे अहवाल लिहिणाऱ्याला माहीत हवं, इथे माहीत आहे असं अहवालांवरून दिसतं. डिफ्यूजन ५०, ४०० आणि ८०० अशा तीन बी-मूल्यांवर, म्हणजे डिफ्यूजनच्या संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्यांवर. एमआरसीपी दोन प्रकारची: एक ४० मिलिमीटर जाडीचा झटपट पट्टा, दुसरी श्वासाला बांधलेली त्रिमित, जिला पाच-सहा मिनिटं लागतात. फिरवून दाखवलेलं सुंदर चित्र फिल्मवर देतात, पण बारीक अडथळा मूळ पातळ कापांतच दिसतो आणि ते सीडीत असतात. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही एकाच जागी तुटून मागे फुगलेल्या दिसल्या तर डोक्याकडच्या गाठीचा संशय पक्का होतो. मग गॅडोलिनियम, किलोमागे ०.१ मिलिमोल. साध्या अर्ध-मोलर औषधाचं ते किलोमागे ०.२ मिलिलिटर होतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिलिटर. इंजेक्शननंतर ३५ ते ४५ सेकंदांचा टप्पा चुकला तर गाठ आणि ऊतक यांच्यातला फरक विरून जातो. इथे तो टप्पा प्रत्येक वेळी पकडलेला दिसला. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) ताजा रिपोर्ट मागतात, तो घरून न्या.

आता पॅकेजमधली चौथी ओळ.

स्पेक्ट्रोस्कोपीत प्रतिमा काढत नाहीत. पोटातला एक छोटा घन निवडतात आणि त्यातल्या रेणूंमधला हायड्रोजन कोणकोणत्या वारंवारतेवर बोलतो याचा आलेख काढतात. ३ टेस्लावर हायड्रोजनची वारंवारता १२७.७ मेगाहर्ट्झ असते, त्यामुळे आलेखावरचा एक पीपीएम (दशलक्षांश) म्हणजे साधारण १२८ हर्ट्झ. पाणी ४.७ पीपीएमवर उभं राहतं, कोलीन ३.२ वर, क्रिएटिन ३.० वर, मेद १.३ आणि ०.९ वर. वेगाने वाढणाऱ्या पेशींच्या पटलात कोलीनयुक्त रेणू जास्त असतात, म्हणून कोलीनचं शिखर उंच म्हणजे कर्करोग, असं सरळ गणित पत्रकात मांडलंय. मेंदूत हे बऱ्यापैकी चालतं. मेंदू हलत नाही, मधे हवा नाही, कवटीच्या आत मेदाचा लोळही नाही. स्वादुपिंडात या तिन्ही गोष्टी उलट्या.

आकार घ्या. केंद्र २० × २० × २० मिलिमीटरचा घन वापरतं, म्हणजे ८ मिलिलिटर. दोन सेंटिमीटरची गोल गाठ ४.२ मिलिलिटरची, म्हणजे घन अगदी तिच्यावर बसवला तरी जेमतेम निम्मा भरतो. दीड सेंटिमीटरची १.८ मिलिलिटर, घनाच्या पंचमांशाहून थोडी जास्त. एक सेंटिमीटरची अर्धा मिलिलिटर, साडेसहा टक्के. ‘गाठ दिसण्याआधी’ जी गाठ पकडायची ती याहून लहान असणार, आणि तिचा आवाज उरलेल्या ९४ टक्के आतड्या-मेद-रक्ताच्या गलक्यात शोधायचा आहे. मग घन लहान का करत नाहीत? कारण संकेत घनाच्या आकारमानाच्या प्रमाणात घटतो, पण सुधारतो मात्र मोजण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. बाजू निम्मी केली की संकेत अष्टमांश होतो आणि तो भरून काढायला ६४ पट वेळ लागतो. केंद्राची मोजणी १२८ वेळा, दर दोन सेकंदांना एक, म्हणजे ४ मिनिटं १६ सेकंद. त्याची ६४ पट साडेचार तास होते.

त्यात श्वास. साध्या श्वासातही स्वादुपिंड एक ते दोन सेंटिमीटर वरखाली सरकतं. या केंद्रात स्पेक्ट्रम मोकळ्या श्वासात घेतात, पट्टा बांधलेला असूनही त्याच्याशी जोडत नाहीत. म्हणजे ४ मिनिटं १६ सेकंदांत त्या घनातून गाठ, आतडं, पित्तनलिका, मेद आळीपाळीने ये-जा करतात आणि हाती येतो सगळ्यांचा सरासरी काढा. श्वासाच्या तळाशी एकेक मोजणी घेतली तर हे बरंच सावरतं, पण वेळ आठ-नऊ मिनिटांवर जातो. पॅकेजच्या वेळापत्रकात ती आठ मिनिटं बसत नाहीत, एवढंच कारण असावं.

शिमिंग हा तिसरा घोटाळा. घनातलं चुंबकीय क्षेत्र सारखं करायचं, म्हणजे एका रेणूची रेष बारीक, टोकदार यावी. तानपुरा लावण्यासारखंच काम, खुंटी जराशी हलली की तार घोगरी वाजते. कोलीन आणि क्रिएटिन यांच्यातलं अंतर ०.२ पीपीएम, ३ टेस्लावर सुमारे २६ हर्ट्झ. पाण्याची रेष निम्म्या उंचीवर २६ हर्ट्झपेक्षा रुंद असेल तर ही दोन शिखरं एकमेकांत मिसळून एक ढेकूळ होतं आणि त्या ढेकळाला कोलीन म्हणणं ही लिहिणाऱ्याची मर्जी. शेजारी वायूने भरलेलं आतडं असताना रेष ३०-४० हर्ट्झपर्यंत फैलावायला वेळ लागत नाही. हा आकडा यंत्राच्या पडद्यावर शिमिंग संपताच येतो. अहवालात तो छापणं एका ओळीचं काम आहे, तरी छापत नाहीत. दीड टेस्लावर तेच अंतर १३ हर्ट्झ, तेव्हा ‘आमच्याकडे दीड टेस्लावरही स्पेक्ट्रोस्कोपी होते’ असं कोणी सांगितलं तर स्वादुपिंडापुरतं नम्रपणे नको म्हणा.

चौथी गोष्ट थोडी किचकट, पण अहवालातल्या गुणोत्तराचा जीवच तिच्यात अडकलाय. घनाची जागा वारंवारतेवरून ठरते, म्हणून वेगळ्या वारंवारतेच्या रेणूंसाठी तोच घन थोडा सरकलेला असतो. कोलीन आणि मेद यांच्यात १.९ पीपीएम, म्हणजे सुमारे २४३ हर्ट्झ. घन बांधणाऱ्या रेडिओ-पल्सची रुंदी १,२०० हर्ट्झ धरली तर २० मिलिमीटरच्या बाजूवर ४ मिलिमीटरचा सरकाव येतो. दोन दिशांना तो पूर्ण, तिसरीत थोडा कमी. म्हणजे कोलीन ज्या घनातून मोजलं आणि मेद ज्या घनातून मोजला त्यांचा सामाईक भाग साधारण ६० टक्के. स्वादुपिंडाला चिकटून पोटातला मेद असतोच, चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं की मेदाचं शिखर दुप्पट. केंद्र मात्र ‘कोलीन-मेद गुणोत्तर’ दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत देतं.

आणि कोलीन दिसलंच तरी ते गाठीचं कशावरून? पित्तात फॉस्फॅटिडिलकोलीन भरपूर असतं आणि त्याचं शिखरही ३.२ पीपीएमजवळच येतं. डोक्याकडच्या गाठीवर घन बसवला की मुख्य पित्तनलिका त्यातून जाते, कावीळ असेल तर फुगलेली. उलट बाजूला, स्वादुपिंडाच्या कर्करोगाची गाठ बहुतांशी राठ तंतुमय ऊतकाची असते, कर्कपेशी त्यात विखुरलेल्या. तेव्हा खऱ्या गाठीतही कोलीन पातळ होऊन जातं. जुनाट स्वादुपिंडदाहाच्या गाठीत मेद कर्करोगापेक्षा कमी दिसतो, असं २००५ मधल्या एका छोट्या अभ्यासात आलं होतं आणि असली पत्रकं बहुधा त्यावरच उभी असतात. पण लठ्ठपणा आणि मधुमेह यांत निरोगी स्वादुपिंडातही मेद साठतो. चाळिशीपुढच्या बडोद्यात असे पोटाचे घेर शोधावे लागत नाहीत. म्हणजे मेद जास्त दिसला म्हणून कर्करोग, कमी दिसला म्हणून दाह, असं म्हणायला आधार राहत नाही.

क्रमही एकदा उलटा सापडला: गॅडोलिनियम आधी, स्पेक्ट्रम नंतर. गॅडोलिनियमने कोलीनची रेष रुंदावते आणि शिखर बसतं. स्पेक्ट्रम घ्यायचाच असेल तर इंजेक्शनच्या आधी. हे मात्र निव्वळ दुर्लक्ष.

तरीही कोणी तो कागद हातात दिलाच, तर तो वाचायचा कसा ते सांगतो. घनाची जागा तीन दिशांच्या प्रतिमांवर चौकोन आखून दाखवलेली हवी. इथे एकाच दिशेची दाखवतात, त्यातून घन पित्तनलिकेत शिरलाय का ते कळत नाही. पाण्याच्या रेषेची रुंदी हर्ट्झमध्ये हवी. मोजणीची वेळ, टीई (रेडिओ-पल्स दिल्यापासून संकेत ऐकेपर्यंतचा वेळ) आणि मोजण्यांची संख्या हवी. टीई १३५ किंवा १४४ मिलिसेकंद असेल तर मेदाचा काही भाग विझून कोलीन जरा स्वच्छ दिसतं, ३०-३५ असेल तर मेदाची लाट सगळं व्यापते. तळरेषा पाहा: ४.७ च्या आसपास ती डोंगरासारखी चढलेली असेल तर पाणी नीट दाबलं गेलेलं नाही. पाण्याचा संकेत या रेणूंच्या काही हजार पट असतो, त्याची शेपटीसुद्धा कोलीनला गिळते. दोन्हीकडच्या खडबडीच्या तिप्पटही उंची नसलेल्या शिखराला नाव देऊ नये. या कसोट्यांवर उतरणारा स्पेक्ट्रम निघूच शकत नाही असं नाही: सडसडीत, शांत श्वास घेणारा माणूस आणि तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्वादुपिंडाच्या मधल्या भागातली किंवा शेपटीकडची गाठ असेल तर निघतो. पण तीन सेंटिमीटरची गाठ टी१ प्रतिमेत आधीच स्पष्ट दिसलेली असते.

यकृतातल्या मेदाचं प्रमाण काढायला हेच तंत्र छान चालतं, एका श्वासात. तिथे संकेत भरपूर, अवयव मोठा आणि प्रश्नही मेदाचाच. हे केंद्र ते वेगळं करतं आणि तिथे आमची काही तक्रार नाही.

‘मग पेपरात येतं ते काय?’ असं लोक विचारतात. पेपरात येतं ते बहुधा कार्बन-१३ चं काम असतं, हायड्रोजनचं नव्हे. पायरुव्हेट नावाच्या रेणूतला एक कार्बन कार्बन-१३ चा करून, त्याला परम शून्याच्या एखाद-दुसऱ्या अंशावर, जोरदार चुंबकात मायक्रोवेव्ह देऊन ‘अतिध्रुवित’ करतात. संकेत दहा हजार पटींहून वाढतो. मग ते चटकन विरघळवून, निर्जंतुकता आणि आम्लता तपासून शिरेत सोडतात. आलेखावर पायरुव्हेट १७१ पीपीएमवर, अॅलनिन १७६.५ वर, लॅक्टेट १८३ वर. इथे शिखरं एकमेकांपासून लांब आहेत, मेदाचा गोंधळ नाही. निरोगी स्वादुपिंडात पायरुव्हेटचं अॅलनिन करणारं विकर भरपूर असतं. उंदरांत पेशी कर्करोगाकडे झुकू लागल्या की अॅलनिन घटत जातं, लॅक्टेट वाढतं आणि हा बदल गाठ बनायच्या आधीच्या पायरीवरही दिसला. ‘दिसण्याआधी’ हा शब्द पत्रकात आलाय तो इथून, यंत्र मात्र दुसरंच आहे. माणसात या तंत्राचा पहिला अभ्यास प्रोस्टेटवर झाला आणि २०१३ मध्ये छापला गेला. त्याला ध्रुवण करणारं स्वतंत्र यंत्र लागतं, ३ टेस्लावर ३२ मेगाहर्ट्झला बोलणारी वेगळी कॉइल आणि वेगळा अॅम्प्लिफायर लागतो आणि विरघळवल्यावर हाताशी दोन-तीन मिनिटंच असतात, कारण संकेत साधारण मिनिटागणिक विरत जातो. अलकापुरीतल्या पॅकेजमध्ये यातलं काहीही नाही. ‘पायरुव्हेट देता का’ असं विचारलं की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही.

हे पॅकेज कोणी घ्यावं? न दुखता कावीळ झाली, कारण नसताना वजन उतरलं, पाठीत जाणारं वरच्या पोटाचं दुखणं हटत नाही, पन्नाशीपुढे घरात कोणाला नसताना अचानक मधुमेह निघाला आणि सोबत वजनही घटतंय, अशांना प्रतिमा हवीच. पण पहिली पायरी बहुधा सीटी असते. तीही साधी पोटाची नाही, स्वादुपिंडासाठी आखलेली: इंजेक्शननंतर ४०-४५ सेकंदांवर एक आणि ६५-७० सेकंदांवर एक फेरी, तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप. चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी ॲब्डोमेन’ लिहिलं तर पहिली फेरी होतच नाही. एमआरआय तिथे उपयोगी पडतो जिथे सीटीत गाठ आजूबाजूच्या रंगाचीच निघते, गळू किंवा नलिकेतली वाढ ओळखायची असते, यकृतातले बारीक डाग पाहायचे असतात किंवा आयोडिनचं इंजेक्शन चालत नाही. ज्यांच्या घरात जवळच्या दोन नातेवाइकांना हा आजार झालाय किंवा बीआरसीए२ सारखा जनुकीय दोष सापडलाय, त्यांच्या वार्षिक तपासणीत एमआरआय-एमआरसीपी आणि दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी हेच दोन आधार आहेत. सुरुवात साधारण पन्नाशीला, किंवा घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी. त्यातही स्पेक्ट्रोस्कोपी नाही.

सीए १९-९ (या कर्करोगात रक्तात वाढणारा एक पदार्थ) याचा रिपोर्ट पॅकेजसोबत सवलतीत देतात. सामान्य मर्यादा ३७. कावीळ असताना तो नुसत्या तुंबलेल्या पित्तानेही वर जातो आणि शंभरातल्या पाच ते दहा लोकांच्या शरीरात तो तयारच होत नाही. निदानासाठी त्यावर विसंबू नये, पुढच्या तुलनेसाठी ठेवावा. खात्री सुईनेच होते, म्हणजे दुर्बिणीतून सोनोग्राफी करत घेतलेला तुकडा. स्पेक्ट्रममध्ये ‘कोलीन नाही’ आलं म्हणून हा तुकडा पुढे ढकलणं, हे या पॅकेजचं सर्वांत महाग पडू शकणारं टोक आहे.

एमआरआयच्या अहवालाबद्दल चांगलं बोलायलाच हवं. गाठ रक्तवाहिनीला किती अंशांत चिकटलीय, १८०च्या आत की पलीकडे, हे आतड्याची मुख्य धमनी, सिलिअॅक धमनी, यकृताची धमनी आणि द्वारशिरा यांपैकी प्रत्येकीबद्दल वेगळं लिहितात. शस्त्रक्रिया करायची की आधी केमो, हे ठरवताना सर्जनला पहिलं हेच हवं असतं. अहवाल २४ तासांत मिळतो. अहमदाबादच्या असारव्यातल्या कर्करोग संस्थेत किंवा परळच्या टाटा मेमोरियलला दाखवायचं असेल तर याच स्कॅनवर काम होऊ शकतं, फक्त सीडी नीट हवी.

सीडी नीट मिळत नाही, हीच कटकट आहे. फिल्मवर स्पेक्ट्रम टपाल तिकिटाएवढा छापतात आणि सीडीत निवडक मालिका टाकतात. घेताना म्हणा: ‘सगळ्या मालिका, मूळ पातळ कापांसह, डायकॉममध्ये.’ डायकॉम म्हणजे स्कॅनच्या फाइलींचं मूळ स्वरूप. काउंटरवरच त्यांच्या संगणकात उघडून एमआरसीपीचे पातळ काप आणि डिफ्यूजनची तिन्ही बी-मूल्यं मोजून घ्या. बिलात स्पेक्ट्रोस्कोपीची ओळ वेगळी असते आणि टेबलावर जाण्याआधी सांगितलं तर ती काढून उरलेलं पॅकेज तसंच मिळतं. आग्रह होतो, पण अडवत नाहीत. घेतलीच असेल तर तिचा कच्चा संकेत त्याच दिवशी मागा. यंत्राच्या डिस्कवर जागा कमी पडली की आधी तोच पुसला जातो.